सरळ जा, पण आधी ऐका

पावसला एस्टीतून उतरल्यावर स्वामी स्वरूपानंदांच्या मठाची वाट कुणालाही विचारावी, फक्त अण्णांना विचारू नये. दुसरा कुणी नुसता हात दाखवील नि आपल्या कामाला लागेल. अण्णा आधी तुमचं आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग कुलदैवत. शेवटी "तुमचे पूर्वज पावसवरूनच पुढे गेलेले" असा निर्वाळा देतात, छत्री काखेत मारतात आणि तुमच्याबरोबर चालू लागतात.

असा एक अण्णा कोकणात दर गावाला असतोच. शाळेत मास्तरांची जागा रिकामी राहील, ही राहत नाही. आमच्या अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात एक वही असते. देवळं, पार, विहिरी, वहाळावरचे साकव, सगळ्यांची तिच्यात नोंद. विहिरींपुढे मात्र शेरे दोनच, 'पाणी गोड' किंवा 'भावकीत वाद'. दुसरा शेरा जास्त ठिकाणी.

जगात जे काही नाव घेण्यासारखं आहे त्याचा पावसशी संबंध आहे, आणि नसेल तर ती जगाची चूक, असं अण्णांचं मत. गणेशगुळ्याचा गणपती तिथून उठून गणपतीपुळ्याला गेला, अशी दंतकथा आहे. दोन्ही गावं आपापल्या परीनं ती सांगतात. अण्णा मध्येच विचारतात, "गेला कुठल्या वाटेनं? पावसवरूनच ना? मग इथं टेकला असणारच!" मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगडसुद्धा त्यांच्या हिशेबी पावसच्या राखणीला बांधलेला. थिबा राजाचा विषय निघाला की ते हळहळतात. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या राजाला 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 मध्ये तो तिथंच वारला. "तीस वर्षं मायदेशाची आठवण काढत बसला बिचारा! पावसला ठेवला असता तर परत जायचं नाव काढलं नसतं."

आंबा काय डझन, असं विचारलंत तर भाव कळत नाही. कुठलं कलम कुणाच्या पणजोबांनी लावलं आणि कुणाच्या चुलत्यानं रातोरात बांध सरकवला, एवढं कळतं.

पण अण्णांची खरी रंगत स्वामींवर. रामचंद्र विष्णू गोडबोले, जन्म 1903, याच गावचे. सत्याग्रहात येरवड्याचा तुरुंग भोगला, पुढं देसायांच्या घरी एका खोलीत चाळीस वर्षं राहिले, ज्ञानेश्वरी अभंगांत आणली, 15 ऑगस्ट 1974 ला देह ठेवला. इथवर अण्णा धावत येतात. मग थांबतात, चष्मा पुसतात आणि सुरू करतात, "स्वामी फार मितभाषी हो!" हे मितभाषित्व पटवून द्यायला त्यांना पाऊण तास लागतो. मध्ये कुणी "हो, समजलं" म्हटलं, तर समजलेलं नाही असं धरून ते पुन्हा येरवड्यापासून निघतात.

तोवर मठातली दुपारची खिचडी संपलेली असते. पाहुणा कसनुसा हसतो. अण्णा मुळीच ओशाळत नाहीत. "प्रसाद चुकला म्हणता? चला घरी!"

काकू पडवीतच उभ्या असतात. पाटावर ऊन भात, कुळथाचं पिठलं, पोह्याचा पापड, सोलकढी. पाहुणा संकोचून म्हणतो, "काकू, उगाच तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला मेला! रत्नागिरीची गाडी आली की मी दोन वाट्या तांदूळ जास्तीचे घालते. यांच्या हाती लागलेला माणूस वेळेवर मठात पोचल्याचं या गावच्या इतिहासात नाही."

अण्णा वही उघडून विचारतात, "ही नोंद कुठल्या सालापासून धरू?"