कुणाचं घड्याळ मागे?

आफ्रिकेतल्या माणसांना घड्याळ कळत नाही. मग एचआयव्हीच्या गोळ्या देऊन उपयोग काय? वेळेवर घेणार कोण?

हे पारावरच्या रिकामटेकड्याचं मत नव्हे. 2001 साली अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे, म्हणजे यूएसएडचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी ते जाहीरपणे मांडलं होतं. सकाळ, दुपार, रात्र एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांना ठरल्या वेळी गोळी घ्या म्हणून सांगायचं तरी कसं, असा त्यांचा सवाल.

सवाल बिनतोड होता. फक्त कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

2006 मध्ये मोजलं गेलं. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात दोन्ही खंडांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज छापून आली. नेमाने गोळ्या घेणारे रुग्ण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत 77 टक्के. उत्तर अमेरिकेत 55.

मनगटावर घड्याळ बांधणारे नापास.

खरी अडचण किमतीची होती, आणि ती सगळ्यांनाच माहीत होती. एका रुग्णाचा वर्षाचा औषधखर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तीच औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एक डॉलरही नाही.

त्याच सुमारास 39 औषध कंपन्या प्रिटोरियाच्या कोर्टात होत्या. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा केला म्हणून 1998 मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर खटला भरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते नेल्सन मंडेला. एप्रिल 2001 मध्ये खटला मागे घेतला. मंडेलांना प्रतिवादी करून जगात नाव होत नाही, हे कळायला तीन वर्षं लागली.

पण सगळं खापर परक्यांच्या माथी फोडायची सोय नाही. मंडेलांच्या पाठोपाठ आलेले थाबो म्बेकी हे उच्चशिक्षित गृहस्थ. एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, याची त्यांना शंका. त्यांच्या आरोग्यमंत्र्यांना शंका नव्हती, उपाय ठाऊक होता. लसूण, लिंबू आणि बीट. औषधं अडवून ठेवल्याने तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी मांडला.

काढ्यावर राज्य चालवायचा मान फक्त आपलाच, असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता जरा बरी गोष्ट. मोझांबिकमधला तेते प्रांत. दवाखाना लांब, रस्ता कच्चा, महिन्याच्या गोळ्यांसाठी दिवस मोडायचा. रोजंदारी बुडते म्हणून माणूस उपचार सोडतो आणि अहवालात त्याची नोंद 'बेजबाबदार रुग्ण' अशी होते. 2008 मध्ये तिथे रुग्णांचे जास्तीत जास्त सहा जणांचे गट केले. महिन्याला एकानेच दवाखान्यात जायचं, आपली तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. आपल्या आळीतल्या बायकांची भिशी, फक्त पैशांऐवजी गोळ्यांची.

दुसरीकडे बदलून गेलेले सोडले, तर सुरुवातीच्या 1384 जणांपैकी साडेसत्याण्णव टक्के उपचारात टिकले.

नवं औषध? नाही. नवं यंत्र? नाही. लोकांचे पाय दुखतात, एवढंच कुणाच्या तरी लक्षात आलं. याला उपयोजित संशोधन म्हणतात. यावर नोबेल मिळत नाही.

याच्या बरोबर उलट गोष्ट 'व्हॉइस' चाचणीची. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5029 निरोगी बायका. लागण होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यायची किंवा जेल लावायचं. घेता का? हो, घेतो. विचारलं तेव्हा नेमाने घेतल्याचं प्रमाण निघालं नव्वद टक्के. 2013 मध्ये रक्ताचे निकाल आले. औषधाचा अंश सापडला तो एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत.

खोटं बोलल्या? बोलल्या.

का बोलल्या, हे नंतरच्या मुलाखतींत बाहेर आलं. घरात ती डबी सापडली की नवरा म्हणणार, तुला रोग आहे. शेजारीण म्हणणार, तरी वाटलंच होतं. गोळी तीच, जी लागण झालेले घेतात. निरोगी बाईने ती उशाशी ठेवायची आणि वर खुलासा करत बसायचं? आणि नाही घेतली म्हणावं, तर समोर फुकट तपासणी करणारी, आपुलकीने बोलणारी नर्स. तिचं मन कोण मोडणार?

आपण तरी काय करतो? अँटिबायोटिकचा कोर्स पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेलं पाकीट ड्रॉवरमध्ये जातं. डॉक्टरांनी विचारलं की? पूर्ण केला, डॉक्टर.

आपल्या रक्ताचे नमुने कुणी काढत नाही म्हणून आपण सज्जन.

तज्ज्ञांची आणखी एक हौस म्हणजे एका गावात जमलं की सगळ्या खंडावर शिक्का मारायचा. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात शाळकरी मुलींच्या घरी दरमहा थोडे पैसे दिले. दीड वर्षाने पाहिलं तर एचआयव्हीचं प्रमाण पैसे मिळालेल्या मुलींत 1.2 टक्के, न मिळालेल्यांत 3. वा! चला, पैसे वाटू. दक्षिण आफ्रिकेत असाच प्रयोग केला. काहीच फरक नाही. कारण तिथे पैसे असोत-नसोत, मुली शाळेत जातच होत्या. सरकारी बालक अनुदानही आधीपासून चालू होतं.

आफ्रिकेत 54 देश आहेत, हा शोध मात्र फुकटात लागला असता.

आणि सिद्ध झालेल्या गोष्टींचं काय होतं? 2011 मध्ये नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांवरच्या अभ्यासाने दाखवून दिलं की, बाधित जोडीदाराला लगेच औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी टळते. निम्म्याहून अधिक जोडपी आफ्रिकेतली. आपल्या पुण्याची एड्स संशोधन संस्था 'नारी'ही त्यात होती. औषध म्हणजेच प्रतिबंध, आणखी काय हवं? बाधा कळताच सगळ्यांना औषध द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ते 2015 मध्ये.

विषाणूने तोवर बैठकीच्या इतिवृत्ताची वाट पाहिली नाही.

मग 2024 उजाडलं आणि लेनाकापाविरच्या चाचणीचे निकाल आले. रोजची गोळी नाही, डबी नाही, उशाशी लपवायला काही नाही. वर्षातून दोनदा पोटाच्या कातडीखाली सुई. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 2134 मुली आणि तरुणींना ती टोचली. लागण किती जणींना?

शून्य.

रोजची गोळी दिलेल्या गटांत लागण झालीच. कारण तेच, गोळी घेतली जात नव्हती. 'व्हॉइस'मधल्या बायकांनी अकरा वर्षांपूर्वी रक्तातून जे सांगितलं होतं, ते अखेर कुणीतरी ऐकलं. बायका बदलत नाहीत, तर औषध बदला.

जून 2025 मध्ये अमेरिकेत या सुईला मान्यता मिळाली. किंमत वर्षाला 28,218 डॉलर. सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांनी 2027 पासून गरीब देशांना तेच औषध वर्षाला 40 डॉलरच्या आसपास द्यायचं जाहीर केलं. ते बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

सातशे पटींचा फरक. औषध तेच, पत्ता वेगळा.

हे सगळं जुळायच्या आधीच, जानेवारी 2025 मध्ये, वॉशिंग्टनमधून फर्मान सुटलं. परदेशी मदत बंद, काम जागच्या जागी थांबवा. एचआयव्हीवरच्या चाचण्याही त्यात सापडल्या. दक्षिण आफ्रिकेत काही बायकांच्या शरीरात चाचणीसाठी बसवलेली रिंग होती. ती रिंग आत आणि संशोधकांना काम करायची बंदी. सहभागींना चाचणीतून अर्ध्यावर असं सोडून देण्याचा प्रस्ताव एखाद्या विद्यार्थ्याने नैतिकता समितीपुढे ठेवला असता, तर समितीने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

पण इथे समितीला विचारलंच कुणी?

आफ्रिकेतल्या रुग्णांच्या अंगी सातत्य नाही, ही चिंता पंचवीस वर्षं वाहणाऱ्या देशाने मदत एका सहीत थांबवली. सातत्य कशाशी खातात, हे आता कुणी कुणाला शिकवायचं?

त्यानंतरचा अंक आणखी बहारदार. 2025 च्या अखेरीस आफ्रिकेत लेनाकापाविर पोचायला लागलं. अमेरिकेने आपल्या खात्यातून काही देशांना ते द्यायचं ठरवलं. दक्षिण आफ्रिकेला मात्र उत्तर मिळालं की, तुमच्याकडे पैसे आहेत, तुमचं तुम्ही बघा. चाचणीसाठी पोट दिलं तेव्हा हा हिशेब कुणी मांडला नव्हता.

दक्षिण आफ्रिकेने मग ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशांतून सुयांची सोय केली. त्या फंडाचा आजवरचा सर्वांत मोठा देणगीदार कोण?

अमेरिका.