झडतीची पावती

संगमनेरात पावतीशिवाय पान हलत नाही. डेअरीत दूध घातलं की फॅटची चिठ्ठी, कारखान्यावर उसाची गाडी गेली की काटापावती, बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरले की पट्टी. गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा आपण दाराच्या फटीत खोचून ठेवतो, नाहीतर पुढच्या गल्लीतलं मंडळ पुन्हा बेल वाजवतं. बिनपावतीचा एकच व्यवहार गावाला परिचयाचा, तो विडीतला. बाई दिवसभर मान मोडून विड्या वळणार, त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला पडणार. त्यांची मजुरी नाही आणि त्या विड्याही परत नाहीत, ही विडीकामगार बायकांची जुनी तक्रार. माणसाची वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत ठेवून घ्यायची आणि वर त्याचीच चूक काढायची, हे कसब छाटीवाल्याखेरीज कुणाला जमत नसेल अशी माझी समजूत होती. मग मी तुरुंगातल्या झडतीबद्दल वाचायला घेतलं.

आधी घरचं. संगमनेरला दुय्यम कारागृह आहे. तालुक्याच्या ठिकाणी असतं तसंच: पहारा पोलिसांचा, अधीक्षक पदसिद्ध तहसीलदार. ज्या कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत प्रत्येक अर्जाची पोच मिळते, त्याच कचेरीच्या प्रमुखांकडे गावातले कच्चे कैदीही जमा असतात. कच्चा कैदी म्हणजे खटला चालू, शिक्षा झालेली नाही, जामीन मिळालेला नाही. कायद्याच्या लेखी तुमच्या-आमच्याइतकाच निर्दोष, फक्त मुक्काम वेगळा.

या कारागृहाचं नाव राज्यभर झालं ते नोव्हेंबर २०२३मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर. चार कैदी गज कापून पसार झाले. पुढे ते सापडले, पण तो पोलिसांच्या कौतुकाचा भाग; माझं लक्ष गजापाशीच अडकलंय. लोखंडी गज नखानं कापला जात नाही. कसलं तरी पातं आत आलं असणार, आतच कुठंतरी मुक्कामाला राहिलं असणार, आणि झडत्यांना हुलकावणी देत राहिलं असणार. अशा प्रसंगानंतर सरकारी शहाणपण ठरलेलं असतं: झडती आणखी कडक करा. कडक म्हणजे काय, तर मागच्या वेळी करवत सापडली नाही ना, मग या वेळी टॉवेलसुद्धा सोडायचा नाही.

समजा, तुम्हीच आत आहात. दचकू नका; बांधाचं भांडण कुणाच्या घरात नाही? चुलत्याच्या डोक्यात फावड्याचा दांडा बसला, दांडा कुणाच्या हातात होता यावर भावकीत दोन तट पडले आणि फिर्यादीत नाव तुमचं आलं. तुमच्या उशाला एक कापडी पिशवी. तिच्यात दोन शर्ट, बायकोचं पत्र, पोराचा शाळेच्या गणवेशातला फोटो आणि वकिलानं दिलेली दोषारोपपत्राची झेरॉक्स, दीडशे पानं. वेळच वेळ, म्हणून ती तुम्ही तीनदा वाचलीत. बेचाळिसाव्या पानावर पंचाचं नाव आलं तिथं समासात बॉलपेननं लिहून ठेवलंत, ‘हा त्या दिवशी गावात नव्हता, आळंदीला होता. फोटो मेव्हण्याच्या मोबाईलमध्ये.’ अख्ख्या खटल्यात तुमच्या बाजूची एवढी एकच ओळ, आणि ती तुम्हीच लिहिलेली.

मग एका पहाटे शिट्टी होते. सगळे बाहेर, रांगेत उकिडवे. आत पिशव्या उलट्या होतात. गठ्ठ्याची पिन धातूची, म्हणून ती आधी निघते. पिन निघाल्यावर दोषारोपपत्र आणि पत्त्यांचा कॅट यात फरक उरत नाही. शिपाई एकेक पान झटकतो, कारण कागदांत सिमकार्ड दडवतात हे त्याला ठाऊक असतं, आणि ते खोटंही नाही. काही पानं शेजारच्याच्या पिशवीत जातात, काही मोरीत, काही केराच्या टोपलीत. तारखेला वकील विचारतो, ‘बेचाळीस कुठंय?’ तुम्ही म्हणता, ‘साहेब, झडतीत गेलं.’ वकील म्हणतो, ‘पावती?’ आणि तुम्ही दोघंही हसता. वकिलाचं हसणं फीमध्ये धरलेलं असतं.

कायदा या बाबतीत मुका आहे म्हणावं, तर तसंही नाही. तुरुंगांचा कायदा १८९४ सालचा. तो गोऱ्या साहेबानं केला, आणि त्याला काळ्या कैद्याचा पुळका असण्याचं कारण नव्हतं. तरी कलम १२मध्ये अधीक्षकानं कोणकोणत्या वह्या ठेवायच्या ते सांगताना त्यानं कैद्यांकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची नोंदवही घातली. रीतसर आत आलेल्या कैद्याच्या वस्तू तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यात राहतील, असं कलम २५मध्ये लिहिलं. ताब्यात म्हटलंय, टोपलीत म्हटलेलं नाही. कलम ४०मध्ये तर, न्यायाला बाधा येत नसेल तोवर, कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी तिसरा माणूस हजर नसताना बोलता यावं, अशी सोय केली. म्हणजे वकिलाच्या कानात सांगितलं तर ते गुपित, आणि त्याच वकिलासाठी समासात लिहिलं तर ते बराकीचं सार्वजनिक वाचनालय.

झडतीशास्त्रात अलीकडच्या काळात मोलाची भर घातली ती नवी मुंबईतल्या तळोजा कारागृहानं. नोव्हेंबर २०२२मध्ये एजाज लकडावाला हा मुंबईच्या गुन्हेगारी जगातला नामांकित आरोपी सत्र न्यायालयात आला तो प्लास्टिकची बाटली घेऊन. बाटलीत मेलेले डास. २०२०मध्ये कोठडीत आल्यावर त्याला मच्छरदाणी वापरू दिली होती; मे २०२२मध्ये झडतीत ती सुरक्षेच्या कारणावरून काढून घेतली, अशी त्याची तक्रार. न्यायालयानं मच्छरदाणी काही दिली नाही, ओडोमॉससारखं काहीतरी वापरायला सांगितलं. माणूस काही साधुसंत नव्हे, पण कामाची रीत बघा. डास पकडले, मारले, बाटलीबंद केले आणि न्यायालयात हजर केले. मुद्देमाल इतका शाबूत अवस्थेत न्यायालयापर्यंत पोचतो कधी? पंच मिळाले नाहीत, तेवढीच उणीव.

त्याच तळोज्यात एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा होते. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांचा चष्मा तुरुंगात चोरीला गेला. ही बातमी वाचून लोकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. जिथं चोरांची राहण्याची सोय सरकारनं केलीय तिथं चोरी व्हायची नाही तर कुठं? नवल पुढंच आहे. घरच्यांनी नवा चष्मा टपालानं पाठवला, तो तुरुंगानं घेतला नाही. उच्च न्यायालयात न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एम. एस. कर्णिक यांना त्या डिसेंबरात माणुसकी नावाच्या गोष्टीची आठवण करून द्यावी लागली. तुरुंगाधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आलीय, असंही खंडपीठ म्हणालं. कार्यशाळेचं पहिलं सत्र मी सुचवतो: ‘चष्मा: उपयोग आणि आव्हाने’. दुपारी जेवण, नंतर प्रमाणपत्र वाटप.

चष्म्याचं झालं, तर वाचायचं काय हा प्रश्न राहिलाच. एप्रिल २०२२मध्ये उच्च न्यायालयात सांगण्यात आलं, की नवलखांना पाठवलेलं विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांचं पुस्तक तुरुंगानं सुरक्षेला धोका म्हणून नाकारलं. न्या. सुनील शुक्रे यांनी हा प्रकार हास्यास्पद ठरवला आणि आपल्या पु. ल. देशपांड्यांची प्रेरणा हा लेखक होता, याचीही आठवण दिली. मी मात्र तुरुंगाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. रात्री दोन वाजता अंधाऱ्या बराकीत एकटाच माणूस पोट धरून हसतोय. पहाऱ्यावरच्यानं काय समजायचं? नियमावलीत हसण्याचं कलम कोणतं? शिवाय आता पुलंचं नाव न्यायालयाच्या कामकाजात आलंय, तेव्हा खबरदारी म्हणून मी घरातलं पुलंचं कपाट तात्पुरतं माळ्यावर टाकलंय.

याच एल्गार प्रकरणातले आणखी एक आरोपी स्टॅन स्वामी यांच्या बाबतीत मात्र विनोद माझ्याच्यानं होत नाही. वय ८३, पार्किन्सन्स, हातात पेला धरवत नाही. आपली नळी आणि सिपर कप परत मिळावा म्हणून त्यांनी ६ नोव्हेंबर २०२०ला अर्ज केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला २० दिवस घेतले आणि २६ तारखेला सांगितलं, की आम्ही पंचांसमक्ष झडती घेतली, तीत अशी वस्तू मिळालीच नाही. बिनपावतीच्या वस्तूचं हे असं होतं. ती हरवत नाही, जप्त होत नाही, फुटत नाही. ती मुळात नसतेच. ५ जुलै २०२१ला स्वामी कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले.

साहेबाच्या वेळी सगळं आलबेल होतं असं कुणी समजू नये. पण त्याला मोजायची खोड होती. टिळकांना मंडालेच्या तुरुंगात सुटे कागद मिळत नसत. बांधीव वही मिळे, तीही पानं मोजून, त्यांवर आकडे घालून. शाई नाही, शिसपेन्सिल, तीही टोक काढून दिलेली. संशय सगळा टिळकांवर. पण आकडे घातलेल्या वहीतलं बेचाळिसावं पान नाहीसं झालं असतं, तर साहेबालाही खुलासा करावा लागला असता. १९१४मध्ये टिळक सुटले तेव्हा वह्या सरकारकडेच राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९१५ला ‘गीतारहस्य’ छापून निघालं. आपल्याच जिल्ह्यात, नगरच्या किल्ल्यात, १९४४ साली नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चा हजारभर पानांचा गठ्ठा लिहून काढला. त्याचीही पिन कुणी काढली नाही.

स्वराज्यात काय झालं? प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी सरकारच्याच परवानगीनं मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. १९६४मध्ये त्यांनी विचारलं, हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवू का? महाराष्ट्र सरकार म्हणालं, नाही. लिहायला परवानगी, बाहेर जायला मनाई. म्हणजे सरकारचा आक्षेप अणूला नसावा, टपालखात्याला असावा. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं सरकारचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता: स्थानबद्धाला ज्या सवलती द्यायच्या त्यांची आमच्याकडे यादी आहे, आणि तीत पुस्तक बाहेर पाठवणं नाही. न्या. सुब्बाराव यांनी १९६५मध्ये हे उलटं करून दाखवलं. यादी बंधनांची असते; जे बंधन त्यात लिहिलेलं नाही ते कैद्यावर नाही. हस्तलिखित बाहेर गेलं. अणूच्या अंतरंगात काय असतं ते त्यामुळे मराठी वाचकाला कळायची सोय झाली. सरकारच्या अंतरंगाचं पुस्तक अजून यायचंय.

अमेरिकेकडे बघून समाधान मानायचं असेल तर जरूर माना. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकलं, की कोठडीत कैद्याला खासगीपणा नसतो. आणि जग पुढे गेलंय असं मानायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे मंडेला नियम आहेत: झडती छळासाठी वापरू नये, झडतीची नोंद ठेवावी, आणि खटल्याची कागदपत्रं कैद्याला तुरुंगाच्या माणसांनी न चाळता जवळ ठेवू द्यावीत. नियम उत्तम आहेत. फक्त पहाटेच्या त्या शिट्टीला ते कुणी वाचून दाखवलेले नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर पोलिसखात्यातला एखादा वाचक म्हणेल, तुम्हाला काय जातंय, मोबाईल सापडला नाही तर निलंबन आमचं होतं. बरोबर आहे. झडती हवीच. गांजा, मोबाईल, पातं काढलंच पाहिजे, आणि बारा तास पहारा करून आलेल्या शिपायानं दीडशे पानांत काय लिहिलंय ते वाचत बसावं अशी कुणाची अपेक्षा नाही. पण कैदी पळाला तर कुणीतरी निलंबित होतो आणि कैद्याचे कागद पळाले तर कुणीच होत नाही, तेव्हा शिपायानं कशाची काळजी घ्यावी हे त्याला सांगायला लागत नाही.

म्हणून मागणी एकच, आणि फुकटातली. घ्यायचं ते घ्या. वस्तू, पानांची संख्या, तारीख, घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि खालची प्रत कैद्याला. तहसीलदारसाहेब, कोरी पावतीपुस्तकं तुमच्याच कचेरीतल्या कपाटात असतील. कार्बन घालून एक तिकडे पाठवून द्या.