लास्ट बोला!

उल्हासनगर कॅम्प १ मधल्या कुठल्याही दुकानात भाव विचारला की गिऱ्हाइकाचा दुसरा प्रश्न ठरलेला: "लास्ट बोला." दुकानदार कपाळाला हात लावतो, मुलाबाळांची शपथ घेतो, आणि आकडा सांगतो. खिशातून किती जाणार ते पायरी उतरण्याआधी कळतं. शहाड स्टेशनपासून जपानी बाजारापर्यंत हा रिवाज मोडायची कुणाची हिंमत नाही. अपवाद एकच, कॉलेजची फी-खिडकी.

समजा, कॅम्पातले एक रिक्षावाले काका मुलीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला तिथे उभे आहेत.

"साहेब, लास्ट किती?"

"काका, मुलींना मोफत आहे."

"म्हणजे काहीच नाही भरायचं?"

"असं कसं? ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ. बाकीचं भरायचं."

"बाकीचं किती?"

"ते पावतीवर येईल."

"पावती कधी मिळेल?"

"पैसे भरल्यावर."

सरकारचा निर्णय चांगलाच आहे, त्यावर दात विचकायचं कारण नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ही दोन्ही शुल्कं सरकार भरतं. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. एवढं सगळं फलकावर मावत नाही, म्हणून फलकावर नुसतं 'मोफत' येतं. विकास शुल्क, लायब्ररी, जिमखाना, अनामत ही मंडळी फलकाच्या मागे दबा धरून बसतात.

मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, तिच्यात निम्मी फी माफ. मुलाच्या वेळी काका घरी जाऊन अख्ख्या फीचे दोन भाग करतात. निम्मं फक्त ट्यूशन आणि परीक्षा फीचं होतं, हे त्यांना हप्ता भरताना उमगतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची तऱ्हा वेगळी. उत्पन्नाची अट अडीच लाखांची, पैशांत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०, आणि खातं आधारला जोडलेलं नसेल तर दोघांचेही वाटेतच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर, मग खात्याच्या टेबलावर, मग 'त्रुटी' म्हणून पुन्हा पोराच्या लॉगिनला. उत्पन्नाचा दाखला पुसट दिसतो म्हणे. दाखला तहसीलनेच दिलेला, पण पुसट दिसण्याची जबाबदारी पोराची!

वडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे यातलं एकही पोर्टल नव्हतं. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला न्यूयॉर्कला शिकायला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. चाकरीचं पुढे काय झालं तो इतिहास वेगळा आणि कडू आहे. पण किती मिळणार, किती दिवस मिळणार आणि बदल्यात काय द्यायचं, हे बोटीत पाय ठेवण्याआधी कागदावर होतं.

मालावर 'मेड इन यूएसए'चा शिक्का मारून त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' सांगणाऱ्या या गावाने थोडं खऱ्या यूएसएकडेही बघावं. तिथे कॉलेज मदतीचं रीतसर पत्र पाठवतं. अमेरिकी संसदेच्या लेखातपासनिसांनी २०२२ मध्ये ती पत्रं चाळली, तर अंदाजे ९१ टक्के कॉलेजं खिशातून जाणारा खरा आकडा एकतर सांगतच नव्हती, नाहीतर कमी करून सांगत होती. काही पत्रांत तर कर्जही मदतीतच मोजलेलं. आपल्याकडे निदान कर्जासाठी बँकेचा माणूस वेगळी खुर्ची टाकून बसतो, तेवढी सभ्यता आहे.

खरं तर गणित चौथीचं आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. माफी किती, ते शासन निर्णयात छापलेलं. एकातून दुसरं वजा करायचं, राहील ते मोठ्या अक्षरात लिहायचं, कर्ज त्याच्या खाली वेगळ्या ओळीत, पैसे हातात पडायचा महिना शेजारी, आणि खाली सही. हा कागद प्रवेश घेण्याआधी हातात पडायला हवा.

सूचना खिडकीपर्यंत पोचवली. आतून तत्परतेने उत्तर आलं: "आधीच आकडा सांगितला तर लोक दुसरं कॉलेज बघतील ना!"