गाढवाचा की सोन्याचा?

परवा एका संग्रहालयाच्या सादरीकरणाला गेलो होतो. संग्रहालय अजून नाही, सादरीकरण आहे. हल्ली क्रमच असा असतो. आधी सादरीकरण, मग चहा-सामोसा, मग भूमिपूजन, मग फलक, आणि यातून वेळ उरलाच तर संग्रहालय. हॉल सव्विसाव्या मजल्यावर. खाली एके काळी गिरणी होती. तिची चिमणी तेवढी राखली आहे, केक खाऊन झाल्यावर ताटलीत मेणबत्ती उरावी तशी.

सोबत मामा होते. मामा साचाखात्यात होते, म्हणजे मागावर. आता बदलापूरला राहतात. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचा उल्लेख ‘स्थानिक समुदायाचे प्रतिनिधी’ असा होता, म्हणून स्थानिक समुदाय पहाटे उठून, तीन लोकल सोडून, चौथीत लोंबकळत वेळेवर हजर झाला.

सल्लागार तरुण, गोड बोलणारा. पहिल्याच पडद्यावर भली मोठी अक्षरे उमटली : ‘संग्रहालय म्हणजे समाजाचा नांगर’. मामा माझ्या कानाशी लागले. “कुठला रे? गाढवाचा की सोन्याचा?”

प्रश्न रास्त होता. जहाज जागच्या जागी धरून ठेवतो तोही नांगर आणि उभी जमीन उलथून टाकतो तोही नांगर. मराठीने दोघांना एकाच दावणीला बांधले आहे. त्यात पुण्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाऊंनी त्याच मातीत सोन्याच्या फाळाचा नांगर धरला आणि गाव पुन्हा वसले. तेव्हा कुणी नांगर घेऊन दारात आले, तर पुढे कोणते जनावर जुंपले आहे ते पाहून घेतलेले बरे.

गिरणगावात गाढव आधी येऊन गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बाहेरच राहिले. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीवर मॉल आले, मनोरे आले, मनोऱ्यांत गालिचे आले. नांगरट इतकी खोल झाली, की माणसे मुळासकट वर येऊन थेट कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत बसली. आता जमीन मोकळी आहे, तर समाज धरून ठेवायला काहीतरी हवे, अशी ही योजना. धरून ठेवायचा समाज कुठे आहे, हे पुढच्या पडद्यावर येईल असे वाटले होते. पुढच्या पडद्यावर बिल्बाओ आले.

असल्या सादरीकरणात बिल्बाओ यावेच लागते, सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाणी येतो तसे. स्पेनमधले हे शहर पोलाद आणि जहाजबांधणीवर जगणारे. ते धंदे बसले, १९९७ मध्ये तिथे गुगेनहाइम संग्रहालय उभे राहिले, त्याच्या टायटॅनियमच्या वळणावळणांच्या भिंती बघायला जग लोटले आणि शहराचे दिवस पालटले. प्रसाद घेतला की आपलेही पालटणार. मामांनी हात वर केला. “त्या जहाजवाल्यांना घरं कुठे दिली?” सल्लागार म्हणाला, प्रश्न चांगला आहे. प्रश्न चांगला आहे म्हणजे उत्तर मिळणार नाही, एवढे मलाही आता कळते.

मला तर बिल्बाओपेक्षा भायखळा जवळचे वाटते. राणीच्या बागेच्या दाराशीच शहराचे जुने संग्रहालय आहे. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या मंडळींनी लोकांकडून पैसे गोळा करून उभारलेले, १८७२ मध्ये खुले झालेले. पाटी मात्र शंभरेक वर्षे व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या यजमानांची होती. भाऊंचे नाव लागले १९७५ मध्ये. आत मुंबईच्या जातीजमातींच्या मातीच्या मूर्ती आहेत, नाना तऱ्हेच्या पगड्या घातलेली मुंडकी आहेत. एवढ्या तऱ्हेची डोकी एका कपाटात गुण्यागोविंदाने नांदतात ती तिथेच. शेजारी पेंग्विन आल्यापासून रांग पेंग्विनकडे असते. तक्रार नाही. पेंग्विन हलतात.

तिथे न हलणारा एक प्राणी आहे, आणि माझ्या मते नांगर म्हणावा तर तो. घारापुरीचा दगडी हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा म्हटले. १८६४ मध्ये साहेबाने त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना साखळी तुटली, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. पण गेला नाही. पुढे तुकडे जोडून त्याला बागेत उभा केला. बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे सोन्याचा फाळ धरणाऱ्या त्याच जिजाऊ. हा योग कुणा सल्लागाराने जुळवलेला नाही, त्यामुळे त्याचे बिलही आलेले नाही.

नांगर हा शब्द ऐकलाही नसेल, तरी माणसे धरून ठेवत अशा जागा गिरणगावात होत्या. परळचे दामोदर नाट्यगृह घ्या. ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातले. तिथे कामगारांची नाटके झाली, कोकणातल्या मंडळांची नमने झाली, जाखडी नाचली, शक्ती-तुऱ्याचे सवालजवाब रंगले. भाडे परवडणारे होते हे खरेच, पण खरी गोष्ट वेगळी होती. रातपाळीचा माणूस घरी न जाता सरळ तालमीला येई, आणि तालमीला न आलेल्याची चौकशी होई. हजेरीपटाशिवाय हजेरी! २०२३ च्या नोव्हेंबरात हे नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले. पुनर्बांधणी हा फार सभ्य शब्द आहे. त्यात ‘पुन्हा’ पण आहे आणि ‘बांधणी’ पण आहे. तारीख तेवढी नाही.

वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे घोडेही जुनेच. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर ते करायचे महापालिकेने ठरवले, त्याला वर्षे लोटली. सुरुवात कशाने? तळ्याने आणि संगीत कारंज्याने. मामा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. चाळीस वर्षांपूर्वी पाळी बदलताना भोंगा व्हायचा, आता पाणी गाणार. त्यात गिरणी कामगाराला घर द्यायचे तर शेलू-वांगणीला, आणि त्याचा धोटा ठेवायचा तर काळाचौकीला. धोट्याला मुंबई परवडते.

सादरीकरणाच्या शेवटी ‘लोकसहभाग’ आला. जुन्या वस्तू द्या, आम्ही काचेत ठेवू. मामांनी खिशातून पितळी बिल्ला काढून दाखवला आणि परत खिशात टाकला. सल्लागाराचे डोळे चमकले. मग कल्पना सुचली, किंवा ती पुढच्या पडद्यावर आधीच होती. दालनात एक जुना साचा मांडायचा आणि आठवड्यातून तीन दिवस एखादा खराखुरा कामगार त्यावर बसवायचा. जिवंत प्रदर्शन. काकांनी फक्त यायचे, खाकी हाफपँट आम्ही देऊ.

“कायम की बदली?” मामांनी विचारले.

सल्लागाराने शेजारच्या बाईंकडे पाहिले. बाईंनी फाइलमध्ये पाहिले. “सध्या कंत्राटी तत्त्वावर,” त्या म्हणाल्या.

“मग नाही जमायचं,” मामा उठत म्हणाले. “आणि कायम केलंत तरी अडचणच आहे. संप मागे घेतलाय कुठे अजून?”