ट्रॉली मागं, घाट पुढं

वाशिम जिल्हा अजिंठ्याच्या रांगेच्या पाठीवर बसलेला. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेला जातं, उत्तरेकडचं पूर्णेला, आणि माणसांची ओढ शेगावला, गजानन महाराजांकडं. म्हणजे आधी डोंगर उतरणं आलं. त्यात वाहन कोणतं, तर ट्रॅक्टरमागची ट्रॉली. तिच्यात कुटाराची पोती, वर सतरंजी, त्यावर ताडपत्रीचा मांडव, कोपऱ्यात शेगडी, पिठाचा डबा आणि आजी. २०२१ साली सरकारनं कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात हे बसत नाही. ट्रॉलीत माणसं बसवणं तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. म्हणून तर ताडपत्री.

निघायच्या आदल्या रात्री रस्ता ठरवायला अख्खं गाव जमतं. ज्यानं जन्मात स्टिअरिंग धरलं नाही, त्याचा आवाज सगळ्यात मोठा. कुणीतरी समृद्धीचं नाव काढतोच. ती चुलत्याच्या वावरातून गेली, मोबदला आला, मोबदल्यातून ट्रॅक्टर आला. आता तोच ट्रॅक्टर समृद्धीवर चढवायला बंदी!

उरले दोन. मालेगाव-मेडशी-पातूर हा सरळ, पण घाटाचा. शेलूबाजार-महान-बार्शीटाकळी हा फेऱ्याचा, पण काटेपूर्णेच्या सोबतीनं उतरणारा. नदीला कुठं घाई असते?

घाटाची भीती चढापेक्षा उताराची. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, कारण तिला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. वळणावर जोरात ब्रेक दाबला, की ती आडवी होऊन ड्रायव्हरच्या भेटीला येते. म्हणून जाणता ड्रायव्हर ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा महाभाग प्रत्येक गावात एक असतो. त्याला आम्ही फक्त सपाटीवर बोलू देतो. चढावर वेगळीच तऱ्हा. मागच्या ओझ्यानं पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नुसतंच फिरतं आणि ट्रॅक्टर आभाळाकडं बघायला लागतो.

लमाणांनी हा घोळ घातलाच नव्हता. त्यांची काशी, पोहरादेवी, आपल्याच जिल्ह्यात. मीठ आणि धान्य थेट बैलांच्या पाठीवर लादून तांडे मुलूख पालथा घालायचे. मागं काही बांधलेलंच नाही, तर ढकलणार कोण? रस्ता ठरवताना बघायचं ते चारा आणि पाणी.

आमच्या सभेतही शेवटी मुद्दा चारापाण्यावरच आला. आजी म्हणाली, "महानले माही भाची हाय. चहा तिच्या इथं."

"आजी, फेरा पडते. डिझेल जास्त लागीन."

"लागू दे. तिच्या गावावरून गेलो नाही, तं ते नातवाच्या लग्नाले येनार नाही."

झालं. घाट, गिअर, ब्रेक सगळे मुद्दे बाद.

जाताना महाराज ओढतात. येताना ट्रॅक्टरलाच ओढावं लागतं. परतताना महानला भाचीनं मावशीच्या मायेपोटी दोन पोती गहू ट्रॉलीत टाकले, तेही ऐन चढाच्या तोंडावर. ड्रायव्हर कपाळाला हात लावून आजीकडं बघायला लागला.

"पाह्यतं काय?" आजी म्हणाली. "पोट्टे उतरव. चालत येतीन."