बेस वाढव रे!

राजगुरुनगरात बेस गिटारवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला: “चारच तारा? दोन तुटल्या का?” लिओ फेंडरने ही विजेवरची चौतारी १९५१ सालीच बाजारात आणली, असं सांगावं तर उत्तर मिळतं, “मग इतक्या वर्षांत बाकीच्या दोन नाही बसवल्या?”

चाकणची सेकंड शिफ्ट उरकून आलेला हा हौशी गडी रात्री हेडफोन लावून सराव करतो. घरच्यांना ऐकू येते ती नुसती टकटक. आई आतून ओरडते, “रात्रीची नखं कापू नकोस रे!” रेकॉर्डिंग पाठवावं, तर सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला घुमते आणि मोबाइलच्या स्पीकरला इतकं खाली उतरवत नाही. मामा कळवतात, “गाणं छान. तू कुठे आहेस त्यात?” मग कॉम्प्रेसरचं पेडल येतं, पाठोपाठ त्याचा हप्ता. बोटं जुनीच.

आणि याच गावाला विसर्जनाच्या मिरवणुकीत बेस हवा असतो, तोही खिडक्यांची तावदानं थडथडेपर्यंत. “बेस वाढव रे!” म्हणून डीजेवाल्याला आरोळ्या जातात, तो बटण पिळतो, पोरं बेभान. आपला गडी बाजूलाच, वर्गणीची पावती खिशात. अध्यक्ष त्याला प्रेमाने म्हणतात, “तू पण वाजवतोस ना काहीतरी? हा घे ताशा.”