कोंबडीची चहाडी

"काय गं सुमन, सकाळी तुझ्या कोंबड्यांनी वाडी डोक्यावर घेतली होती. मुंगूस शिरलं का खुराड्यात?"

"कसलं मुंगूस, काकू! जाऊबाईंची लेक आली होती, व्हेटर्नरी कॉलेजातली. कोंबड्यांचं रक्त न्यायला."

"अगंबाई! मानेतनं?"

"छे, पंखाखालची शीर. पंख उलटा धरला, दोन-चार पिसं बाजूला केली, स्पिरिट लावलं की दिसते निळी. तांबडी हूं की चूं करीना, काळीने मात्र गाव गोळा केलं."

"रोग आलाय वाटतं. मग तुझी अंडी नकोत बाई आम्हाला."

"ऐका तरी! कोंबड्या ठणठणीत आहेत. कॉलेजवाल्यांना अंगणातली माती बघायचीय. मांजराच्या विष्ठेतनं टॉक्सोप्लाझ्मा म्हणून एक परजीवी पडतो. त्याचे सूक्ष्म कोष ओल्या मातीत वर्षभरसुद्धा तग धरतात. आता तपासायला कुठली कुठली माती उचलणार? कोंबडी दिवसभर उकरून टिपत असते, कोष पोटात गेले की रक्तात प्रतिपिंडं सापडतात. बहुधा तिला काही होत नाही, पण चहाडी बरोबर करते."

"मग शेळीचं घ्यायचं होतं. बांधलेली तरी असते."

"शेळी वरचा पाला ओरबाडते. जमिनीत चोच घालणारी कोंबडीच. अमेरिकेत बेल्ट्सविलला डॉ. जे. पी. दुबे म्हणून मूळचे आपल्याकडचेच शास्त्रज्ञ, त्यांनी देशोदेशीच्या मोकळ्या कोंबड्या अशाच तपासल्या. भारतातल्यासुद्धा. पोल्ट्रीतली पिंजऱ्यातली काय सांगणार, तिचा पाय मातीला लागतो कुठे?"

"तुझ्यांचा माझ्या वालाच्या वाफ्याला रोज लागतो!"

"मग तुमच्या वाफ्याचाही रिपोर्ट फुकटात आला म्हणा."

"म्हणजे शेवटी आळ माझ्या मनीवर."

"मनीपेक्षा तिच्या पिल्लांवर. पहिल्यांदा लागण झाली की आठवडा-दोन आठवडे लाखोंनी कोष टाकतात, मग बहुतेक थांबतं. ताजी घाण लगेच बाधत नाही, कोष पिकायला निदान एक दिवस लागतो. रोजच्या रोज उचलून टाकलीत तर निम्मं काम झालं."

"आणि मनीला लागण कुठून होते गं?"

"उंदीर खाते, कच्चं मांस खाते..."

"हां! रविवारी कोंबडी कापली की मुंडकं-आतडी गडग्यावरून कोण फेकतं तिला? तुझाच नवरा!"

"...सांगते त्याला. पण तुमच्या सूनबाईंना चौथा लागलाय ना? त्यांना मातीत हात घालू देऊ नका. गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका असतो. भाजी धुवायची, मटण-कोंबडी नीट शिजवायची. मांजर हाकलायची काही गरज नाही."

"हाकलते कशाला! रिपोर्ट कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"आधी मला सांग. आणि त्या पोरीला म्हणावं, पलीकडच्या मास्तरणींच्या कोंबड्याही तपास. चार बोके पाळलेत आणि तोरा बघ!"